घरांतील समुद्र

आमच्या ह्या सदरासाठीं वाचकांकडून जीं पत्रें येतात त्यांत लोणच्यावरची बुरशी, पुस्तकांस लागणारी कसर, मुलांचें हस्ताक्षर, जावाजावांतील कामाची वांटणी असे विषय बहुधा असतात. गेल्या महिन्यांत आलेलें एक पत्र मात्र समुद्राविषयीं होतें, आणि तें मुंबईहून अथवा रत्नागिरीहून नव्हे, तर आमच्याच भिवापुरांतून आलें होतें. मुंबई ते नागपूर हें रेल्वेचें अंतर ८३७ किलोमीटर. आमचें गांव त्याहि पलीकडे, उमरेडच्या पुढें. मिरचीसाठीं नांवाजलेल्या ह्या गांवीं खाऱ्या पाण्याचा संबंध एरव्हीं मिठाच्या पाण्यांत घातलेल्या कैऱ्यांपुरताच यावयाचा.

पत्र एका एकत्र कुटुंबांतील सूनबाईंचें आहे. त्यांच्या अनुमतीनें, नांव वगळून, त्यांतील मुख्य मजकूर येथें देतों. “घरांत आम्ही चौदा माणसें आहोंत. मोठ्या दिरांच्या मुलानें आठ महिन्यांपूर्वीं माजघरांत खाऱ्या पाण्याचें मत्स्यालय मांडलें. आजवर त्यांत अकरा मासे आणले. पैकीं दोन जिवंत आहेत. मासा मेला कीं तो कोणाच्या हातून मेला ह्याचा घरांत शोध सुरू होतो, आणि त्या दिवशीं कोणालाच जेवण गोड लागत नाहीं. सासूबाई म्हणतात, ज्याचें रूप देवानें घेतलें त्या जिवाचे असे हाल घरांत नकोत, पेटी काढा. पुतण्या म्हणतो, आतां जिवंत पोंवळींच मागवितों, तीं माशांहून शोभिवंत. दोष कोणाचा आणि पुढें काय करावें, एवढें गुरुजींनीं एकदां सांगावें, म्हणजे घर शांत होईल.”

आम्ही संस्कृताचे शिक्षक. मत्स्यविद्या हा आमचा विषय नव्हे. परंतु आमच्या शाळेंतील एक शास्त्रशिक्षक बरींच वर्षें ह्या नादांत आहेत, आणि त्यांच्या सहवासानें ह्या विषयाची गोडी आम्हांसहि लागली आहे. त्यांनाच बरोबर घेऊन एका सुटीच्या दिवशीं आम्ही त्या घरीं गेलों आणि सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत तेथेंच बसलों.

पेटी उत्तम आहे. चार फूट लांब, दीड फूट रुंद, तितकीच उंच. खडक जमेस धरतां आंत सुमारें दोनशें लिटर पाणी. यंत्रेंहि योग्य तीं आहेत. मुलानें पैशाची कुचराई केलेली नाहीं, वाचनहि पुष्कळ केलें आहे. तरी अकरांतले नऊ मासे गेले. ते कसे गेले हें त्या एका दिवसांत जें डोळ्यांना दिसलें आणि घरांतील माणसांना विचारून जें कळलें, त्यावरून बरेंचसें उलगडलें.

सकाळीं सात वाजतां मुलानें डबी उघडून माशांना दाणे घातले. साडेआठ वाजतां आजींची पूजा आटोपली. त्यांनीं कणकेच्या चार बारीक गोळ्या पाण्यांत सोडल्या. न्याहारीच्या वेळीं धाकट्या दोघां मुलांनीं आपापल्या चिमटीनें डबी उघडली, कारण दादानें घातलेलें त्यांनीं पाहिलें नव्हतें. दुपारीं मोठे दीर वामकुक्षीस जाण्यापूर्वीं पेटीपाशीं थांबले. चार वाजतां शेजारची एक मुलगी आली, तिच्या हातून खाऊ घालणें हें तिचें कौतुक. दिवे लावल्यावर पुन्हां मुलाची पाळी. ह्याप्रमाणें दोन माशांना दिवसाकांठीं सात जेवणें झालीं. कोणाच्याहि मनांत पाप नव्हतें. उलट जो तो पुण्यच करीत होता. नदीच्या डोहांत कणकेच्या गोळ्या सोडण्याची आपली रीति चांगलीच आहे. तेथें पाणी वाहतें असतें, एका गोळीवर शंभर तोंडें तुटून पडतात, आणि उरलेलें पुढें जातें. पेटींतलें पाणी कोठेंहि जात नाहीं. जी गोळी माशानें खाल्ली नाहीं ती खडकाच्या कपारींत बसून कुजते, आणि जी खाल्ली तीहि दुसऱ्या रूपानें पाण्यांतच उतरते.

हें दुसरें रूप म्हणजे अमोनिया. मासा आपल्या कल्ल्यांवाटे तो सतत पाण्यांत सोडीत असतो. समुद्रांत तो तत्काळ विरून जातो. दोनशें लिटरांत तो सांचतो आणि माशाचे कल्लेच जाळूं लागतो. त्यांतून समुद्राचें पाणी किंचित् अल्कधर्मी असतें, आणि अशा पाण्यांत अमोनिया अधिकच विषारी ठरतो. ह्या विषाचा निचरा दोन जातींचे सूक्ष्म जंतु करतात. एक जात अमोनियाचें नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचें नायट्रेट. आणि हें शेवटलें द्रव्य थोड्या प्रमाणांत माशांना सोसतें. विनोग्राड्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास ह्या जंतूंचें कार्य उघड केलें. शेतांत घातलेलें शेणखत पिकाच्या कामीं येतें तेंहि त्यांच्याच मध्यस्थीनें. खाऱ्या पाण्याच्या पेटींत त्यांचें घर म्हणजे सच्छिद्र खडक आणि वाळू. जाकार्ता येथील ली चिन एंग ह्या गृहस्थांनीं १९६१ सालीं आपली पद्धति प्रसिद्ध केली, तिचें मर्म हेंच होतें कीं मोठमोठ्या गाळण्यांचा खटाटोप न करतां जिवंत जंतूंनीं भरलेल्या खडकासच पाणी शुद्ध करूं द्यावें. आज जगभर घरोघरीं खाऱ्या पाण्याच्या पेट्या चालतात त्या बव्हंशीं ह्याच तत्त्वावर.

हे जंतु खडकांत रुजावयास चार ते सहा आठवडे लागतात. गृहिणींना ह्याचा अर्थ आम्हीं समजावून सांगावयास नको; विरजण लावलेल्या भांड्याला दही लागेपर्यंत कोणी हात लावीत नाहीं. ह्या घरीं फाल्गुनांत पेटी भरली आणि चौथ्या दिवशीं तींत चार मासे सोडले. बाराव्या दिवसापर्यंत चारहि गेले. त्या वेळीं घरांत ठपका आला तो आजींच्या कणकेवर! कणीक निर्दोष नव्हे, पण त्या चौघांचा प्राण घेतला तो घाईनें. दुकानदारानें पेटी आणि मासे एकाच दिवशीं विकले, आणि मध्यें सहा आठवडे पाणी रिकामें ठेवा हें सांगितलें नाहीं. रिकाम्या पेटीचें गिऱ्हाईक दुकानदाराला कसें आवडावें?

अमोनिया व नायट्राइट मोजण्याची सोय आतां साधी आहे. कांचेच्या नळींत पाणी घेऊन त्यांत थेंब टाकावयाचे आणि रंग पाहावयाचा. हीं दोन्ही द्रव्यें शून्यावर आलेलीं दिसत नाहींत तोंवर मासा आणावयाचा नाहीं. आणि नंतरहि एका वेळीं एक, फार तर दोन. जंतूंची संख्या अन्नाच्या मानानें हळूहळू वाढते, पाहुण्यांच्या पंगतीप्रमाणें ऐनवेळीं वाढवितां येत नाहीं.

आतां वैशाखांत गेलेल्या तीन माशांची कथा. ही अधिक विचार करण्यासारखी आहे, कारण तींत चूक झाली ती अत्यंत दक्ष अशा थोरल्या काकूंच्या हातून. उन्हाळ्यांत पेटींतलें पाणी रोज तीनचार लिटर उडून जाई. काकू रोज तेवढें पाणी मोजून घेत, समुद्राच्या क्षारांची पूड लिटरामागें पस्तीस ग्रॅम ह्या हिशेबानें त्यांत विरघळवीत आणि पेटी भरून ठेवीत. पेटी खाऱ्या पाण्याची, तेव्हां भर घालावयाची तीहि खाऱ्याच पाण्याची, हा तर्क वरवर पाहतां बिनतोड आहे. पण आमटी आटली तर आपण तींत मीठ घालतों काय? पाणी घालतों. हवेंत उडून जातें तें निव्वळ गोडें पाणी; क्षार सारे मागें राहतात. दोनशें लिटरांत मूळचे क्षार सात किलो. रोज चार लिटर पाण्यामागें एकशें चाळीस ग्रॅम भर पडली, म्हणजे दहा दिवसांत सात किलोंचे आठ किलो चारशें ग्रॅम झाले. लिटरामागें पस्तीसाचे बेचाळीस! मुलें ज्याला त्रैराशिक म्हणून कंटाळतात त्यावर येथें तीन जीव टांगलेले होते. उपाय एवढाच कीं पाण्याच्या पातळीशीं कांचेवर एक रेघ ओढावी आणि रोज गोड्या पाण्यानें त्या रेघेपर्यंत भरावें. क्षारांचें माप पाहणारें छोटें उपकरण मिळतें, त्यांत विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास दिसावें.

हें गोडें पाणी कसलें, हाहि प्रश्न आहे. आमच्याकडील विहिरीचें आणि बोअरचें पाणी जड. डाळ शिजण्यास त्रास देणारें पाणी माशांनाहि नको. नळाच्या पाण्यांत क्लोरीन. स्वयंपाकघरांत आर. ओ. चें यंत्र असेल तर त्यांतलें पाणी चालतें. नुसत्या उकळण्यानें क्षार जात नाहींत, हें ध्यानांत असावें. आणि क्षार म्हणजे स्वयंपाकघरांतलें मीठ नव्हे. तें जवळजवळ केवळ सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यांत त्याखेरीज मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम हीं द्रव्यें ठराविक प्रमाणांत असतात, आणि तीं सर्व असलेली तयार पूडच घ्यावी लागते. दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी काढून तेवढेंच नवें खारें पाणी घालावें. नायट्रेट बाहेर जातें तें ह्याच वाटेनें. येथें मात्र क्षारांसह, कारण काढलेलें पाणीहि क्षारांसह गेलेलें असतें.

तरी त्या तीन माशांचा अंत केवळ क्षारांनीं झाला नाहीं. वैशाखांतल्या एका संध्याकाळीं वादळ होऊन वीज गेली ती पांच तासांनीं आली. घरांत इन्व्हर्टर आहे. त्यावर पंखे होते, टी. व्ही. होता, पेटी नव्हती. पाणी जितकें ऊन तितका त्यांत विरघळणारा प्राणवायु कमी, आणि गोड्या पाण्याच्या मानानें खाऱ्या पाण्यांत तो मुळांतच सुमारें एक पंचमांशानें कमी असतो. पंप बंद पडतांच पाण्याची हालचाल थांबली आणि मासे पृष्ठभागीं येऊन तोंडें उघडूं लागले. रात्रीं दहाच्या सुमारास तें सर्वांनीं पाहिलें, पण तें भुकेचें लक्षण समजून कोणींसें आणखी दाणे घातले. पेटीचा एक पंप इन्व्हर्टरला जोडणें, निदान बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप घरांत ठेवणें, ह्याला टी. व्ही. च्या मानानें कितीशी वीज लागणार? शिक्षकमित्र तर म्हणाले, कांहीं नसेल तर तांब्यानें पाणी काढून वरून धार धरा, घरांतील दोन मुलांना पाळीपाळीनें बसवा.

हें बोलतां बोलतां त्यांनीं एकदम स्वतःला आवरलें आणि म्हणाले, “तांब्या स्टीलचा घ्या हो, तांब्याचा नको.” ह्याचें कारण श्रावणांत घडलेल्या तिसऱ्या प्रकरणांत आहे. त्या वेळीं चार नवे मासे आणले, आणि दहा दिवसांत त्यांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले. हा क्रिप्टोकॅरिऑन नांवाच्या परोपजीवी जंतूचा रोग; खाऱ्या पाण्यांतील देवीच म्हणा. मुलानें निळें औषध आणून पेटींतच ओतलें. दोन मासे गेले, दोन वांचले. परंतु त्याच रात्रीं पेटींतल्या दोन्ही कोळंब्या आणि सर्व गोगलगाई मेल्या. घरांत हें मोठें गूढ होऊन बसलें होतें, कीं रोग माशांना आणि मृत्यु कोळंब्यांना कसा? आम्हीं नैयायिकांच्या अन्वय-व्यतिरेकाची आठवण दिली: तेथें काय नवें आलें, आणि काय येतांच कोण गेलें? बाटलीवर लिहिलेंच होतें, औषधांत तांबें आहे. लिटरामागें सुमारें एक पंचमांश मिलिग्रॅम तांबें माशाला सोसतें आणि ठिपक्यांचा जंतु मारतें. पण कोळंबी, गोगलगाय, पोंवळें ह्यांना तें काळ आहे. शिवाय खडक व वाळू तें शोषून घेतात आणि पुढें कित्येक महिने थोडें थोडें सोडीत राहतात. म्हणून औषध द्यावयाचें तें निराळ्या, खडक नसलेल्या छोट्या पेटींत. आणि नवा मासा आणल्यावर त्यालाहि निदान चार आठवडे त्याच पेटींत ठेवून मगच घरांत घ्यावयाचा. आपल्या ब्राह्मणी घरांत पाण्याचें भांडें म्हटलें कीं हात आपोआप तांब्यापितळेकडे जातो. रात्रभर तांब्याच्या कळशींत ठेवलेलें पाणी आपल्यास हितकर असेल. ह्या पेटींत तें घालूं नये. डांस मारण्याच्या वड्या व फवारे ह्यांतील द्रव्येंहि माशांना व कोळंब्यांना घातक असतात, आणि हवेचा पंप खोलींतलीच हवा पाण्यांत ओढतो. देवघरांतल्या धुपाबद्दल आम्ही तितके कठोर नाहीं, पण पेटी देवघराला लागून नसावी हें बरें.

तेव्हां दोष कोणाचा? चार घाईनें गेले, तीन क्षार, ऊन व वीज ह्यांनीं, दोन रोगानें. एकट्या माणसाच्या माथीं मारावा असा ह्यांत एकहि नाहीं. चौदाहि जणांनीं त्या पेटीवर प्रेम केलें, आणि कोणी काय केलें तें दुसऱ्याला ठाऊक नव्हतें. कोठीची किल्ली जशी एकीच्याच कमरेला असते तशी माशांच्या खाण्याची डबी एकाच्याच हातीं असावी. दोन मिनिटांत संपेल तेवढेंच, दिवसांतून एकदां किंवा दोनदां. आजींच्या पुण्याची अडचण आम्हीं अशी सोडविली कीं सकाळचे दाणे मुलानें मोजून द्यावे आणि पाण्यांत घालावे ते आजींनीं. पेटीशेजारीं दिनदर्शिकेखालीं एक वही टांगली आहे. कोणीहि पेटीला हात लावला कीं तेथें लिहावयाचें. पहिल्या आठवड्याचीं पानें शिक्षकमित्रांनीं पाहिलीं. धाकट्यानें “फक्त पाहिलें” अशीहि एक नोंद केली आहे.

उष्णतेविषयीं दोन शब्द. माशांना व पोंवळ्यांना पंचवीस-सव्वीस अंश उष्णमान मानवतें, आणि आमच्याकडे मे महिन्यांत बाहेर पंचेचाळीसाच्या वर पारा जातो. पाणी थंड करणारें यंत्र महाग आणि वीज खाणारें. परंतु विदर्भाचा उन्हाळा कोरडा आहे ही येथें जमेची बाजू. पाण्याच्या पृष्ठभागावर एक लहान पंखा वारा घालील असा बसविला कीं वाळ्याच्या ताट्या ज्या न्यायानें खोली थंड करतात त्याच न्यायानें पाणी दोनतीन अंश उतरतें. मुंबईच्या दमट हवेंत हा उपाय इतका लागू पडत नाहीं. अर्थात् पाणी अधिक उडतें, आणि रेघेपर्यंत भरण्याचें काम वाढतें. माजघर जाड भिंतींचें आहे हेंहि चांगलें. माशांपुरतें ह्यावर भागावें. पोंवळ्यांचें मात्र तसें नाहीं.

पोंवळें म्हटलें कीं आजींच्या डोळ्यांपुढें आंगठी आली. “गुरुजी, मंगळासाठीं घालतात तें पोंवळें ह्या पेटींत वाढतें कीं काय?” असें त्यांनीं विचारलें. तें निराळें. आंगठींतलें लाल पोंवळें भूमध्य समुद्राच्या खोल, अंधाऱ्या कपारींतून येतें. विक्रेता जीं पाठवूं म्हणतो तीं उथळ, उजेडाच्या समुद्रांतलीं, जीं मिळून प्रवाळभित्ति होते तीं. दोन्ही मिळून आपल्या भाषेनें एकाच शब्दांत घातलीं. संस्कृतांत तर ‘प्रवाल’ म्हणजे कोंवळा अंकुरहि आणि पोंवळेंहि, आणि त्याचें दुसरें नांव ‘विद्रुम’ हें वृक्षवाचकच. आपलेच पूर्वज फसले असें नव्हे. सारें जग पोंवळ्याला वनस्पति समजत होतें. मार्सेय येथील पेसोनेल ह्या वैद्यानें १७२० नंतरच्या दशकांत तीं फुलें नसून प्राणी आहेत असें निरीक्षणानें दाखविलें, तेव्हां फ्रान्सांतील थोर पंडितांनींहि त्याच्यावर विश्वास ठेवला नाहीं.

मौज अशी कीं भाषा सर्वस्वीं चुकली नव्हती. पोंवळ्याचा जीव प्राण्याचा, पण त्याच्या पेशींत सूक्ष्म शेवाळ वस्तीला असतें. तें उजेडांत अन्न तयार करतें आणि त्यांतला बराच वांटा घरधन्याला देतें. पोंवळ्याचा रंग बव्हंशीं त्याचाच. पाणी नेहमींच्या उन्हाळी कमालीपेक्षां एकदोन अंशांनीं जरी अधिक तापून कांहीं आठवडे तसेंच राहिलें, तरी हा भाडेकरी घर सोडतो, पोंवळें पांढरें पडतें आणि पुढें उपाशी मरतें. लक्षद्वीपच्या समुद्रांत १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हां २०२४ सालीं असें झालें. जेथें अथांग समुद्र आहे तेथें ही गति, तर वैशाखांत पांच तास वीज जाणाऱ्या भिवापुरांत दोनशें लिटरांची काय कथा? शिवाय पोंवळें आपला सांगाडा पाण्यांतील कॅल्शियमपासून बांधतें. तें लिटरामागें चारशें ते साडेचारशें मिलिग्रॅम ठेवावें लागतें, आणि त्याच्या जोडीला अल्कता व मॅग्नेशियमहि मोजून राखावें लागतें. दिवा विशिष्ट प्रतीचा, दिवसाला आठ-दहा तास. गोलाकार जातीचें पोंवळें इतकें सारें करून वर्षाला सुमारें एक सेंटिमीटर वाढतें.

हें झालें कष्टाचें. ह्याहून मोठी गोष्ट पुढें आहे, आणि ती ऐकतांच मोठे दीर उठून पुतण्याशेजारीं येऊन बसले. भारतांत हें पोंवळें घरीं ठेवणें हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं प्रवाळभित्ति बांधणारीं सर्व कठीण पोंवळीं, काळीं पोंवळीं, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे व नळीप्रवाळ घालण्यांत आलीं. त्याच वर्षीं समुद्रघोडेहि घातले. तेहि विक्रेत्यांच्या यादींत असतात. आमच्या तालुक्याला लागून उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. तेथील वाघ ज्या अनुसूचींत आहे त्याच अनुसूचींत विक्रेत्यानें भ्रमणध्वनीवर चित्र पाठविलेलें तें जांभळें पोंवळें आहे. पहिल्या अनुसूचींतील प्राण्याच्या अपराधास तीन ते सात वर्षें कारावास आणि वर दंड. वाघाचें कातडें कोणी निम्म्या किंमतींत देऊं केलें तर आपल्यापैकीं कोणी तें माजघरांत अंथरील काय? पुतण्या म्हणाला, “पण काका, सगळेच विकतात.” दिरांनीं त्याला उत्तर दिलें नाहीं, फक्त तो संदेश पुसून टाकावयास सांगितलें.

कांहीं मऊ जातीचीं प्रवाळें त्या अनुसूचींत नांवानिशीं नाहींत, आणि विक्रेते त्यांचा आधार सांगतात. आमचें मत असें कीं माल कोठून आला ह्याचा कागद जो देऊं शकत नाहीं त्याच्याकडून कांहींच घेऊं नये. परदेशांतून जिवंत जलचर आणावयास सरकारी परवाना लागतो, तो दाखविण्यास खऱ्या व्यापाऱ्याला अडचण नसावी. पेटींतला खडकहि भाजलेल्या मातीचा किंवा कृत्रिम घ्यावा. जंतु त्यांतहि तितकेच सुखानें राहतात. माशांतहि समुद्रांतून धरून आणलेल्यांपेक्षां बंदिस्त जागीं वाढविलेले घ्यावे. फिलिपाइन्स व इंडोनेशियांत पोंवळ्यांच्या कपारींत सायनाइड फवारून मासे धरण्याची दुष्ट चाल पुष्कळ फोफावली. असे मासे दिसावयास ठीक असतात आणि घरीं येऊन मरतात. आपल्या देशांत मंडपम् येथील केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या केंद्रानें विदूषक माशांची पैदास करून दाखविली आहे. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला हा मासा चित्रपटामुळें मुलांना ‘निमो’ म्हणून ठाऊक आहे. तो लहान पेटींत समाधानी असतो, नीट ठेवल्यास दहा वर्षांहून अधिक जगतो. त्याच चित्रपटांतला निळा मासा मात्र फूटभर वाढतो. तो दोनशें लिटरांत कोंडणें क्रूरपणाचें. ह्या घरीं उरलेले दोन मासे सुदैवानें विदूषकच आहेत. तिसरा आणावयाचा तो पुढच्या पावसाळ्यानंतर, वहींतील आंकडे पाहून, असें ठरलें.

पोंवळीं पाहावयाचीं तर तीं जेथें आहेत तेथें जाऊन पाहावीं, आणि त्यासाठीं महाराष्ट्र सोडावयास नको. मुंबईसारख्या शहरांत, वरळी व हाजीअलीच्या खडकांवर तीं आढळलीं. किनारी रस्त्याच्या कामासाठीं २०२० सालीं तेथील अठरा वसाहती उचलून दुसरीकडे बसवाव्या लागल्या. विजयदुर्गापासून पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरांवर पाण्याखालीं बुडालेलें एक पठार आहे, त्याला कान्होजींवरून आंग्रे बँक म्हणतात; तेथील प्रवाळें विपुल, पण तेथें जाणें आपल्यासारख्यांचें काम नव्हे. आपल्यासाठीं मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोंवतालचा समुद्र १९८७ सालीं सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला, आणि किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यांत मुखवटा लावून डोकें बुडविलें कीं पोंवळीं दिसतात. पाणी थंड करण्याच्या यंत्राची किंमत मुलानें आम्हांस दाखविली, तेवढ्यांत त्या घरांतील बऱ्याच माणसांची ही यात्रा सहज व्हावी.

पावसाळा संपून पाणी निवळल्यावर जावें. पोंवळ्यावर पाय देऊन उभें राहूं नये, आणि वाळूंत पडलेला पांढरा तुकडाहि आठवण म्हणून उचलूं नये. कायदा मेलेल्या पोंवळ्यालाहि लागू आहे. घरीं पेटीसाठीं शेजाऱ्यांना सांगून जावें तें एवढेंच, कीं रोज गोड्या पाण्यानें रेघेपर्यंत भरा. खाण्याच्या कागदी पुड्या बांधून ठेवाव्या, एका दिवसाला एक, आणि डबी कुलपांत ठेवावी. एखाद्या दिवशीं शेजारी विसरले तर हरकत नाहीं. धडधाकट मासा दोनतीन दिवस उपाशी राहूं शकतो.